दोराचा शेवटचा माणूस

महोत्सवाचे टी-शर्ट पिवळेजर्द होते आणि सगळे एकाच मापाचे आले होते. ज्या कुणी ऑर्डर दिली त्यानं फुकट राबणारी माणसं अंगापिंडानं भरलेलीच असणार असं धरलं असावं. रचनानं तो शर्ट पंजाबी ड्रेसवर चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि वजनकाट्यामागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. आपण त्यात कशा दिसतो याची तिला फिकीर नव्हती. खरं सांगायचं तर आठ महिन्यांत तिला कशाचीच फिकीर वाटली नव्हती.

श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर राज्यभरातल्या हौशी खेळाडूंचा तीन दिवसांचा महोत्सव चालू होता. हौशी म्हणजे अगदी हौशी. जळगावचे मास्तर, लातूरचे एसटी कंडक्टर, नाशिकच्या नर्सबाई, शाळेत असताना ज्यांना कुणी संघात घेतलं नव्हतं अशी पोट सुटलेली माणसं रजा टाकून खो-खो, कबड्डी, लगोरी, वाळूतला व्हॉलीबॉल आणि रस्सीखेच खेळायला आली होती. जिंकणाऱ्याला एक ढाल आणि सुपारीचं एकेक रोप. चालवणारे झाडून सगळे स्वयंसेवक. त्यांना ना पगार ना मान, दुपारी एक वडापाव मिळायचा, आणि उशीर केला तर तोही संपलेला असायचा.

या साऱ्यांच्या वर अलिबागच्या मृणालताई. बँकेतून निवृत्त झालेल्या, पंच नसूनही गळ्यात शिट्टी घालून फिरणाऱ्या. दिवेआगरला त्या ज्या घरी मुक्कामाला उतरत, तिथल्या स्वयंपाकघरात रचना भाकऱ्या भाजायला जायची. तिथूनच त्यांनी तिला उचललं. "घरात बसून काय करणार आहेस? ये तिकडे. माणसांत मिसळलीस की बरं वाटेल." रचना आली. नाही म्हणायलासुद्धा आतून काहीतरी वाटावं लागतं, आणि तेवढंही तिच्याकडे उरलेलं नव्हतं.

तिला रस्सीखेचेचा वजनकाटा दिला होता. नियम सोपा होता. संघात आठ जण, आणि आठांचं मिळून वजन सहाशे चाळीस किलोच्या वर जायचं नाही. माणूस काट्यावर उभा राहिला की आकडा कागदावर लिहायचा, मग मार्करनं त्याच्या हाताच्या पाठीवर लिहायचा, म्हणजे ऐन वेळी दुसरा कुणी घुसायला नको. हे काम तिला जमलं. गावात जो भेटेल तो "कसं वाटतंय गं आता?" म्हणून विचारी. काट्यावरचा माणूस फक्त स्वतःचा आकडा विचारायचा, आणि ऐकून लाजायचा.

रचनाचा नवरा निकेश गेल्या तीस मेला गेला. समुद्रात नाही. समुद्रात गेला असता तर त्याचं काय करायचं ते त्यांच्या आगरवेळच्या कोळीवाड्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तो गेला कोरड्या वाळूत, स्वतःच्या घरच्या होडीखाली.

जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून त्याआधी होड्या किनाऱ्यावर वर ओढून ठेवतात. मोठ्यांना ट्रॅक्टर लावतात, पण आगरवेळला लहान होड्या अजून माणसंच ओढतात. खाली लाकडाचे ओंडके घालायचे, पुढे जाड दोर बांधायचा आणि वीस-पंचवीस जणांनी ताल धरून ओढायचं. होडी जागेवर आली की एक जण खाली शिरून दोन्ही अंगांना टेकू लावतो. तेवढा वेळ होडी ओंडक्यांवर तोललेली असते आणि उतार समुद्राकडे. बाकीचे दोर टाकून घाम पुसायला लागले तरी शेवटचा माणूस कमरेला नि हाताला दोराचा वेढा घेऊन, टाचा रोवून उभा असतो. खालचा माणूस बाहेर येतो, वाकून एकदा नीट बघतो आणि ओरडतो, "खाली कोन न्हाय, सोडा!" मगच शेवटच्यानं सोडायचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडायचं नाही. तांडेलानं सांगितलं तरी नाही, बापानं सांगितलं तरी नाही.

त्या दिवशी खाली निकेश होता आणि शेवटाला त्याचा थोरला भाऊ चंदर. चंदरच्या खिशात फोन वाजला. बर्फवाल्याचा फोन होता. गेली वीस वर्षं शेवटाला उभा राहणाऱ्या चंदरनं एक हात काढला, फोन बाहेर घेतला आणि कोण आहे ते बघितलं. तेवढं पुरलं.

पोलिसांनी अपघात लिहून घेतला. तो अपघातच होता. वाड्यातलं कुणी चंदरला एका शब्दानं बोललं नाही, आणि तो स्वतः तर बोलायचाच थांबला. घरची होडी तो दिवस आणि आजचा दिवस, तिथंच टेकूंवर उभी. स्वतःच्या होडीचा तांडेल असलेला माणूस दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. दोन भावांची घरं एकाच पडवीची. रोज सकाळी रचनाच्या पायरीवर झाकलेल्या थाळीत मासे ठेवलेले असत. ती ते उचलायची, शिजवायची, खायची. मीठ कमी की जास्त हे तिला कळायचं नाही. थाळी घासून ती पायरीवर पालथी घालायची. आठ महिन्यांत दोघांमध्ये एवढीच देवघेव झाली होती, आणि थाळीपलीकडे तिनं दिराकडे पाहिलं नव्हतं. लोकांना वाटे, राग आहे. राग असता तर ती वाड्याच्या मध्यावर उभी राहून तोंड सोडून मोकळी झाली असती, कोळणीला कुणी ते शिकवायला लागत नाही. तसलं काहीच तिच्या आत नव्हतं. आत हात घातला तर रिकामं भांडं लागायचं.

महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी रस्सीखेचेचा अंतिम सामना होता. एका बाजूला कोल्हापूरकडच्या एका तालमीचा संघ, दुसऱ्या बाजूला चक्क आगरवेळ कोळीवाडा. वाडा नुसता फुलून गेला होता. आणि नेमका आदल्या संध्याकाळी त्यांचा शेवटचा गडी, कुलदीप, लगोरी खेळताना पडला. अंतिम फेरीला पोहोचलेला माणूस लगोरी कशाला खेळायला गेला हे विचारायची सोय नव्हती, कारण तो स्वतःच लाजून तोंड लपवत होता. पाय सुजून भोपळा झाला होता.

सात जणांचं वजन पाचशे एकसष्ट. आठव्यासाठी एकोणऐंशी किलोंच्या आतला गडी हवा, आणि तोही शेवटाला उभा राहू शकणारा. संघाचा म्होरक्या शिवदासकाका सकाळीच चंदरला दंडाला धरून काट्यापाशी घेऊन आला. चंदरही पिवळ्या शर्टातच होता. तीन दिवस तो मैदानं आखत होता, खुंट्या ठोकत होता, पाण्याचे जार वाहत होता. फक्त ओढायच्या दोराच्या आसपास तो फिरकला नव्हता.

"आठवा मानूस," शिवदास रचनाकडे न बघता म्हणाला. "याचंच वजन बसतंय."

"काका, मी न्हाय धरनार," चंदर हळूच म्हणाला.

"मग काय, कोल्हापूरवाल्यांना ढाल हातात देऊन घरी जाऊ? वाडा आलाय सगला बघायला. गप उभा रहा काट्यावर."

शिवदासच्या मनात काही थोर विचार होता असं समजू नये. त्याला ढाल हवी होती.

चंदर रचनासमोर उभा राहिला, चपला घालूनच.

"पायातलं काढा," रचना म्हणाली.

आठ महिन्यांतलं हे तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं. बाजूला उभे असलेले दोघे-तिघे वळून बघायला लागले. चंदरनं चपला काढल्या. काटा अठ्ठ्याहत्तरावर थांबला. तिनं कागदावर आकडा लिहिला आणि मार्करचं टोपण काढून हात पुढे केला. चंदरनं डावा हात दिला, तळवा वर करून.

तळव्यातून मनगटापर्यंत एक रुंद, गुळगुळीत, गुलाबी पट्टा गेला होता. त्यावर रेषा नव्हत्या. ज्योतिष्याला काही वाचता आलं नसतं. रचनाला होडीच्या दोराच्या खुणा ओळखता येत होत्या. निकेशच्या हातांवरही त्या असायच्या, पण वरवरच्या. हा दोर हातातून नुसता सुटलेला नव्हता. तो या एका हातात घट्ट धरलेला होता आणि मांस घेऊन गेला होता.

तिनं ते पाहिलं. मग हात उलटा केला आणि पाठीवर ७८ लिहिलं. आपल्याला यावर काहीतरी वाटायला हवं, एवढं तिला कळलं. वाटलं मात्र काही नाही.

दहा वाजता सामना सुरू झाला. मैदान वजनकाट्याच्या अगदी समोर, दहा पावलांवर. पंच होते महाडचे येसाजी शेलार, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. मिशा पांढऱ्या आणि आवाज असा की भरतीसुद्धा थांबावी. तीनपैकी दोन वेळा ओढेल तो विजेता. येसाजींनी दोराच्या मध्यावरची लाल फीत वाळूतल्या रेषेवर आणली आणि दोन्ही संघांना नियम सांगितले. "शेवटच्या गड्यानं दोर खांद्यावरून घ्यायचा, टोक मोकळं सोडायचं. कमरेला, हाताला वेढा नाही. वेढा दिसला की डाव गेला."

पहिल्या डावात चंदरनं सवयीनं कमरेला वेढा घेतला. येसाजींनी शिट्टी मारली आणि डाव कोल्हापूरला दिला. वाड्यानं एकच गिल्ला केला. पंचाशी भांडण्यात आगरवेळचा हात धरणारं अख्ख्या तालुक्यात कुणी नाही. "अरे, हितं आम्ही होड्या ओढतो, आम्हाला शिकवता काय!" असं कुणीसं ओरडलं. येसाजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चंदर, वेढा घेऊ नकोस, खांद्यावरनं घे," शिवदास कानाशी जाऊन म्हणाला. चंदरनं मान हलवली. ऐकलं की नाही ते कळलं नाही.

दुसरा डाव वाड्यानं घेतला, अगदी सरळ. तालमीतल्या पोरांच्या अंगात ताकद मायंदाळ, पण ती झटक्याची. शिवदास "होऽऽ हय्या" म्हणून हळू आवाजात ताल देत होता आणि आठ माणसं पाऊल पाऊल मागे येत होती, घाई नाही, धाप नाही. रचना पाहत होती. हीच हाक तिला त्या दिवशी घरात तांदूळ निवडताना ऐकू आली होती, आणि मग हाक मध्येच थांबली होती.

तिसरा डाव लांबला. दोर एका जागी थरथरत राहिला. टाचांखाली वाळूत खड्डे पडले, कोल्हापूरचा एक गडी गुडघ्यावर आला, उठला, पुन्हा आला. मृणालताई शिट्टी तोंडात धरून नुसत्या फुंकर मारत होत्या. मग लाल फीत हलली आणि हलतच राहिली. येसाजींची शिट्टी वाजली. कोल्हापूरवाल्यांनी दोर टाकला, आगरवेळच्या सात जणांनीही टाकला आणि एकमेकांच्या अंगावर उड्या घेतल्या. वाडा मैदानात घुसला.

चंदरनं सोडला नाही.

तो जवळजवळ आडवा झाला होता, टाचा वाळूत पुरलेल्या, पाठ मागे झोकलेली, दोर खांद्यावरून येऊन डाव्या हाताला दोन वेढे घेतलेला. दोराच्या दुसऱ्या बाजूला आता कुणी नव्हतं. तरी तो पुढे बघत होता आणि तोल सावरत होता, समोर कितीतरी वजन असल्यासारखा. आधी लोक हसले. एकानं मोबाईल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. "ओ मामा, सोडा की आता, जिंकलासा!" कोल्हापूरचा कप्तान हसत म्हणाला.

शिवदास धावत आला. "चंदर, सोड. झालं."

"न्हाय."

"अरे, संपलं! शिट्टी झाली!"

"आवाज न्हाय आला अजून," चंदर म्हणाला. त्याचा स्वर अगदी साधा होता. कामाच्या वेळी माणूस बोलतो तसा.

शिवदासचा चेहरा उतरला. दोघांनी मिळून बोटं उघडायचा प्रयत्न केला, उघडली नाहीत. वेढ्याखालून रक्त यायला लागलं होतं. येसाजी जवळ आले, त्यांनी वेढा पाहिला आणि शिट्टी खिशात ठेवली. मृणालताई इलेक्ट्रॉलची बाटली घेऊन उभ्या होत्या आणि ती कुणाला द्यावी हे त्यांना कळत नव्हतं. आगरवेळच्या माणसांचं हसू एकेकाचं करत बंद झालं. बाहेरून आलेल्यांना कशाचाच पत्ता नव्हता, पण व्हिडिओ घेणाऱ्यानंही मोबाईल खाली घेतला.

शिवदासनं घसा साफ केला. "खाली कोन न्हाय," तो म्हणाला. "सोड, चंदर."

चंदरनं पहिल्यांदाच नजर त्याच्याकडे वळवली. "तू बघितलंस?"

शिवदासनं वाकून बघितलं नव्हतं. म्हातारा माणूस, चाळीस वर्षं होड्या ओढलेला, खोटं बोलायचं कसं? त्यानं मान खाली घातली. आणि मग वाड्यातल्या एकेका बाईची, एकेका बाप्याची नजर वजनकाट्याकडे वळली.

रचनाला ते कळलं. तिला वाटलं, आपण उठू नये. यांना काय हवंय ते तिला दिसत होतं, आणि ते देण्याइतकं आपल्याकडे उरलंय काय, असंही तिच्या मनात आलं. आठ महिने ज्या गोष्टीच्या जवळ ती गेली नव्हती ती ही एवढीच होती. ती होडीकडे गेली नव्हती. बायका चला म्हणाल्या होत्या, नारळ ठेवायला, दिवा लावायला, ती गेली नव्हती. गेलं म्हणजे वाकून बघावं लागेल, आणि बघितलं म्हणजे झालं.

ती उठली कारण चंदरच्या हातातून रक्त येत होतं आणि हाताच्या पाठीवर तिनं लिहिलेला आकडा पुसला जात होता. माफ करावं म्हणून ती उठली नाही. माफीचं तिला आजही काही माहीत नाही.

ती चंदरपाशी गेली नाही. ती दोराच्या मध्यावर गेली, लाल फितीपाशी, होडीचं नाक जिथं असतं तिथं. ढगळा शर्ट गुडघ्यांत अडकत होता, तो तिनं मुठीत धरला. खाली वाकली. निकेश बघायचा तसं डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. टाचांचे खड्डे होते. ओली वाळू होती. एक फुटका शिंपला होता. तिनं खूप वेळ बघितलं, लोकांना वाटलं त्याहून कितीतरी जास्त वेळ, कारण बघायला आल्यावर नीट बघणं भागच होतं. तिथं कुणीही नव्हतं. निकेश नव्हता. आज नव्हता, उद्या नसणार होता, आणि तिनं आठ महिने बघितलं नाही म्हणून तो तिथं राहिलेलाही नव्हता.

ती सरळ झाली.

"खाली कोन न्हाय," ती म्हणाली. आवाज फाटला, पण तिनं थांबवला नाही. "सोडा, भावजी."

"नीट बघितलंस?" चंदरनं विचारलं.

"नीट बघितलं. कोन न्हाय खाली."

चंदरची बोटं उघडली. आधी उजव्या हाताची, मग डाव्या. दोर सैल होऊन वाळूत पडला, डाव्या हातावरचे वेढे तसेच राहिले, आणि चंदर तिथंच मटकन बसला, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून, तोंड उघडं. त्याच्या घशातून जो आवाज आला तो त्यानं तीस मेला काढायला हवा होता.

येसाजींनी नियमाप्रमाणे निकाल सांगितला, सांगावाच लागला. वेढा होता, डाव कोल्हापूरचा, ढाल कोल्हापूरची. आगरवेळ कोळीवाड्यातल्या एकाही माणसानं हरकत घेतली नाही. पंचाशी न भांडता ते हरण्याची ही पहिलीच वेळ. कोल्हापूरच्या कप्तानानं ढाल घेतली, पण उंचावली नाही. मिळालेलं सुपारीचं रोप तेवढं त्यानं शिवदासच्या पायाशी नेऊन ठेवलं आणि टोपी काढून निघून गेला.

रचना चंदरच्या शेजारी वाळूत बसली आणि त्याच्या हातावरचे दोराचे वेढे सोडवायला लागली. दोर खरखरीत होता, ओला होता, थंडगार होता, आणि हे सगळं तिला कळत होतं. मग तिला निकेशची आठवण आली. रोज यायची तशी नाही, तर त्याच्या केसांतल्या खाऱ्या वासासकट आली. आठ महिन्यांनी रचनाला काहीतरी वाटलं, आणि ते फार वाईट वाटलं. एवढ्या लोकांत, तो पिवळा शर्ट तोंडाशी धरून ती मोठ्यानं रडली.

"रडू नको," चंदर रडत रडत म्हणाला.

"मासे खारट असतात हो रोज, आत्ता कळतंय," ती म्हणाली. "मीच मीठ जास्त घालते."

मृणालताई इलेक्ट्रॉलची बाटली दोघांच्या मध्ये वाळूत रोवून ठेवून गेल्या. पुढचा सामना साठीच्या वरच्यांचा होता. त्यातले सोळा म्हातारे चपला हातात घेऊन वजनकाट्यापाशी रांगेत उभे होते, आणि त्यांच्यातल्या एकानंही घाई केली नाही.